एक्सने सुरू होणारे नाव

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाला त्याच्या आजीचा जन्मदाखला हवा झाला. आजीला तो कधीच नको होता. "आतां हांव जल्मल्यां म्हूण कोणाक दाखोवपाचें?" असा तिचा रोकडा सवाल. ८६ वर्षांची बाई समोर बसून लोणच्याच्या कैऱ्या चिरते आहे, आणखी पुरावा तो कसला!

पण १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे पोर्तुगिजांपासूनच्या मुक्तीच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला नोंद करून पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते, हे आमच्याकडे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या नोंदीचे पान वाळवीने खाल्लेले निघाले. राहिली आई. ज्या राजवटीने तिच्या गावाला धड रस्ता दिला नाही, तिच्या वहीत आपले नाव आहे या आधारावर आता तिचा नातू बंगळूरहून युरोपात जाणार. मी या बाबतीत बोलायचे सोडून दिले आहे. आमच्या वाड्यावर चार घरांना कुलपे आहेत आणि त्यांच्या चाव्या शेजारणीकडे खिळ्याला टांगलेल्या आहेत.

तर दाखल्याच्या निमित्ताने आईला खूप प्रश्न विचारावे लागले, आणि एक विचारायला जावे तर ती भलतेच सांगत बसायची. ते भलतेच मला जास्त आवडले.

आईचे माहेर गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याचे आणि सासर शेजारच्या बार्देशातले. मध्ये शापोरा नदी. आज पुलावरून गाडीने अर्धा तासही लागत नाही. १९५८ साली ती १९ वर्षांची नवरी होऊन होडीने ही नदी ओलांडून आली, आणि अलीकडच्या काठावर पाय ठेवल्यावर आपण तोंड उघडले की लोक हसतात हे तिच्या ध्यानात आले. पेडण्याची बोली मालवणीला लागून. तिच्या माहेरी 'मी' म्हणत, 'माका' म्हणत. सासरी 'हांव' आणि 'म्हाका'. आठ दिवसांतच माझ्या आजीने तिला टोकले, "मी कसलें गो? हांव म्हण."

पहिले वर्षभर वाक्य तोंडातून काढण्याआधी ते मनात एकदा म्हणून पाहायची, असे आई सांगते. स्वतःला काय म्हणायचे हे सासूने ठरवावे याचे मला आज नवल वाटते. तिला वाटले नव्हते. आडनाव बदलले, पाळण्यातले नाव जाऊन सासरचे आले, लुगडे नेसायची तऱ्हा थोडी बदलली, त्यातच हे एक. पाळण्यातले नाव माहेरी राहिले ते राहिलेच.

माहेरही तसे सरळ नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पत्रादेवी तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ खोदून विचारले. ती एवढेच सांगते की घराची दारे लावून घेतली होती आणि संध्याकाळपर्यंत चूल पेटवली नव्हती, धूर दिसू नये म्हणून. त्यानंतर सीमा बंद झाली. तिची सख्खी मावशी पलीकडे बांद्याला. आदल्या वर्षापर्यंत ही मंडळी काजूच्या दिवसांत सकाळी उठून मावशीकडे जात आणि दिवेलागणीला परत येत. पुढची सहा वर्षे तोंड दिसले नाही. मावशीच्या मुलीचे लग्न होऊन तिला दोन मुले झाली, हे मुक्तीनंतर कळले. 'शीम' म्हणजे हद्द. हा शब्द तोवर शेताच्या बांधाला होता, गाव राखणाऱ्या देवचाराची शीम असे, गावाची असे. त्या वर्षापासून ती बंदूकवाल्यांची झाली.

भारताने व्यापार तोडला तेव्हा गोव्यातल्या दुकानांत सिलोनचा चहा आणि हॉलंडचा बटाटा आला. इतिहासाची पुस्तके याला आर्थिक नाकेबंदी म्हणतात. आईच्या हिशेबी ती एक बटाट्यांची गोष्ट आहे. "बरे आशिल्ले मरे ते बटाट," ती म्हणते. देशभक्तीच्या आड चव येऊ देत नाही.

पैशांचे तर मला जन्मभर कौतुक वाटत आले आहे. लग्न होऊन ती आली तेव्हा घरखर्च रुपिया आणि टांग्यांत चाले. सोळा टांगे म्हणजे एक रुपिया. १९५९ साली पोर्तुगिजांनी एस्कुद आणला, एका रुपियाला सहा. तो हाताला बसतो न बसतो तोच मुक्ती झाली आणि भारतीय रुपया आला, सोबत नवे पैसे. म्हणजे चार वर्षांच्या आत या बाईने त्याच मासेवालीकडून तेच बांगडे तीन चलनांत घेतले. चौथी इयत्ता शिकलेली, तीही देवळाच्या अग्रशाळेत, मराठीतून. पण पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ. मासेवालीला ते पाढे येत नसत, म्हणून दोघींचा हिशेब आईच करायची आणि मासेवाली तो डोळे मिटून मानायची. हल्ली आमच्या दारावर येणाऱ्या मासेवालीच्या पांटलीला क्यूआर कोडचा चिकटवलेला कागद असतो. मी फोन पुढे करतो, फोन बाईच्या आवाजात रक्कम बोलून दाखवतो. आई ती रक्कम ऐकून मनात पुन्हा हिशेब करते. एकदा तिने चाळीस रुपये परत काढून घेतले होते. चूक मासेवालीची होती, फोनची नव्हती, पण आईने दोष फोनलाच दिला.

आता भाषेचे. गोव्यातल्या हिंदू घरांचा हा प्रकार बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. आमच्या घरात बोलणे कोकणी. पोथी, आरती, भजन, लग्नपत्रिका, पत्र, किराण्याची यादी हे सगळे मराठी. आई देवाशी मराठीत बोलते आणि मांजराशी कोकणीत. यात काही विसंगत आहे असे तिला कोणी सांगेपर्यंत वाटले नव्हते, आणि सांगितल्यावरही वाटले नाही. त्यात पोर्तुगीज होतेच. आजोबा पोर्तुगीज शाळेत 'सेगुंद ग्राव', म्हणजे प्राथमिकची दुसरी पायरी झालेले, त्यामुळे घरात लेंस म्हणजे रुमाल, कुलेर म्हणजे चमचा, कोप म्हणजे पेला, कदेल म्हणजे खुर्ची. हल्ली त्यात दवाखाना आला. बीपी, शुगर, थायरॉइड. आईच्या तोंडी फर्निचर पोर्तुगीज, रोग इंग्रजी, देव मराठी आणि भूक कोकणी.

यात मी केलेला उपद्व्याप सांगायलाच हवा.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कुठे देवळाच्या ओसरीत, कुठे कोणाच्या तरी पडवीत. मी १९७१ साली अशाच एका शाळेत गेलो. आमचे गुरुजी घाटावरचे होते. माणूस देव, पण कानाला फार तिखट. वर्गात कोणी 'जनेल' म्हटले की खडूचा तुकडा नेमका त्याच्या कपाळावर. मी ती शिस्त घरी आणली. एका पावसाळी दुपारी आई म्हणाली, "बाबा, जनेल धांप, पावस भितर येता." मी म्हणालो, "जनेल नव्हे, खिडकी."

"खिडकी धांपल्यार पावस येवचो ना?"

"नाही."

"मागीर खिडकी धांप."

मी धांपली. पण त्या दिवसापासून मी तिची पाठ सोडली नाही. कुलेर नव्हे, चमचा. लेंस नव्हे, रुमाल. कोप नव्हे, पेला. पाच-सहा वर्षांत तिने माझ्यासमोर ते शब्द वापरायचे टाकले. शेजारणीशी बोलताना वापरी, मी आत आलो की बदली. सासूने एकदा तिची जीभ वळवली होती, नंतर ते काम मी हाती घेतले.

पुढे कॉलेजात शब्दकोश चाळायचा नाद लागला आणि माझी फजिती झाली. चावी पोर्तुगीज. बादली पोर्तुगीज. घमेले, परात, फीत, लिलाव, तुरुंग, पगार, सगळे गलबतातून उतरलेले. कोबी आणि बटाटाही. ज्याच्यावर अख्खा महाराष्ट्र जीव टाकतो तो हापूस म्हणजे एक आफोंसो नावाचा पोर्तुगीज! गुरुजी महिनाअखेर पगार घेत, बादलीने पाणी काढत आणि शाळेला कुलूप लावून चावी कनवटीला खोचत, तेव्हा त्यांच्या कपाळावर खडू मारायला कोणी नव्हते. जे शब्द घाट चढून गेले ते मराठी झाले आणि जे खाली आमच्या घरात राहिले ते अशुद्ध ठरले. जनेलने एकच चूक केली, ती पुण्याला पोचली नाही.

मी हे आईला सांगितले तेव्हा मला वाटले होते ती एवढ्या वर्षांची कसर भरून काढील. ती म्हणाली, "म्हणजे आतां परत जनेल म्हणूं?" आणि म्हणायला लागली. एवढेच.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे त्या दिवसाची गोष्ट ऐकीव. महाराष्ट्रात विलीन व्हायचे त्यांना फूल, वेगळे राहायचे त्यांना दोन पाने. आजोबा पानांचे, वडील फुलाचे. दोघे महिनाभर एका पंगतीला बसत पण बोलत नसत, आणि मीठ हवे असले तरी आईमार्फत मागत. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. त्यातले आईचे कुठल्या बेरजेत, ते वडिलांनाही अखेरपर्यंत कळले नाही. मीही विचारून पाहिले आहे. "मत गुप्त आसता न्ही?" असे ती नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखे उत्तर देते.

आमच्या पिढीचे भांडण १९८६ मध्ये आले. राजभाषेचे. मी मराठीवाला, माझा चुलतभाऊ कोकणीवाला, दोघेही पणजीला शिकायला, दोघेही विशीतले आणि दोघांचेही डोके त्या काळात फार गरम. त्यात ५ जुलैला मांडवीचा पूल कोसळला. बार्देशातून पणजीला जायचे तर बेतीला उतरून फेरीबोट धरायची, दुसरा सोयीचा मार्ग नाही. त्यामुळे झाले असे, की दोन्ही बाजूंचे मोर्चेवाले एकाच बोटीतून पलीकडे जात. गुंडाळलेले झेंडे काखेत, चपला चिखलाने भरलेल्या, आणि बोट डुलली की आपसूक एकमेकांचे दंड धरत. पलीकडे उतरलो की आम्ही उजवी-डावीकडे पांगून घोषणा द्यायला मोकळे. मी मराठीच्या घोषणा द्यायचो आणि बोटीत जागा कोकणीत मागायचो. त्या डिसेंबरात कोकणी आंदोलनात सात जणांचे बळी गेले, मग बोटीतली थट्टाही थांबली. लोक पाण्याकडे बघत उभे राहत.

त्यातल्या एका रात्री आम्ही दोघे उशिरा, एकमेकांवर धुमसत घरी आलो. अंगणातच पुन्हा जुंपली. तुझी भाषा, माझी भाषा, आईची भाषा. आई दारात आली. "कोणाक जाय तें उलयात, पूण पयलीं हात धुवून बसात. हुमण निंवता." हुमण म्हणजे माशांची आमटी, ती निवत होती. आम्ही बसलो. ज्या बाईच्या भाषेवरून आम्ही भांडत होतो तिला एकदाही विचारले नव्हते, आणि ती वाढत होती. जेवण झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे समईसमोर बसून मराठीत पोथीचा अध्याय वाचला. चुलतभाऊ भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला तो अध्याय माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला. देवनागरीतली कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीही चालेल. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. आम्ही दोघे यथावकाश नोकरीला लागलो. दोघांची मुले इंग्रजी शाळेत गेली. यावर आम्ही दोघेही फार बोलत नाही.

शब्द जातात म्हणून गळा काढायची माझी सवय पुरुमेंतने मोडली. हा शब्दही पोर्तुगीज, प्रोव्हिमेंतचा. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत. मे महिना लागला की आमच्या घराला वेड लागल्यासारखे व्हायचे. अंगणभर सोले, म्हणजे आमसुले वाळत, त्याच्या पलीकडे मिरच्या, त्याच्या पलीकडे सुके बांगडे आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी, आणि या सगळ्यावर काठी घेऊन राखण बसलेलो आम्ही पोरे. कावळ्यांना मारायला काठी आणि मांजराला घाबरवायला शिव्या. उकडे तांदूळ कणगीत, चिंच मीठ लावून बरणीत, नारळ माळ्यावर, लाकडे पडवीत छपरापर्यंत रचलेली. खाऱ्या मासळीची मडकी कोनाड्यात. आईचे डोळे सारखे आभाळाकडे. जूनचा पहिला पाऊस पडला की ती पडवीत येऊन लाकडांना हात लावून बघायची आणि मगच पावसाकडे. त्यानंतर दोन-तीन महिने होडी वाहो न वाहो, बाजार भरो न भरो, घर चालायचे.

आता पावसातही दारात भाजी येते. कणग्या गेल्या, गॅस आल्यावर लाकडे गेली, आणि अंगणात गाडी लावायला फरशा बसल्या. सोले वाळवायला जागा गच्चीची. पुरुमेंत हा शब्दही लवकरच जाणार असे धरून मी मनातल्या मनात एक लेख लिहायला घेतला होता. परवा आईच्या महिन्याच्या गोळ्या आणून दिल्या, तर तिने पट्ट्या मोजल्या, सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या केल्या, डबा बंद केला आणि समाधानाने म्हणाली, "जालें. सप्टेंबरामेरेन पुरुमेंत आसा." इन्व्हर्टरची बॅटरी बदलली तेव्हाही तिने हेच विचारले, पुरुमेंत कितल्या वरांचें, म्हणजे किती तास पुरेल? लेख तिथेच राहिला.

हल्ली ती फोनवर आवाज पाठवते. टाइप करणे तिला जमत नाही असे नाही, पण नातवंडे रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत कोकणी, लिहितात आणि ते तिला लागत नाही. तशी आमच्या घराची ही जुनीच खोड. तिच्या वडिलांची देवस्थानच्या हिशेबाची वही मोडीत आहे. आजोबांची टिपणे पोर्तुगीजमध्ये. आईची पत्रे बाळबोधात. नातवाचे सगळे रोमीत. चार पिढ्यांनी लिहायला कंटाळा केला नाही, पण एकाचे दुसऱ्याला वाचता येत नाही. मोडी वहीचे फोटो काढून मी एका जाणकाराकडे नेले होते. त्यात फार गुपिते निघतील असे वाटले होते. नारळ किती विकले आणि पालखीच्या भोयांना काय दिले एवढेच निघाले.

दाखला ऑगस्टमध्ये हातात आला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर होती आणि आई मूग निवडत बसली होती. पोर्तुगीज नोंदी अशा रकान्यांच्या नसतात, गोष्टीसारख्या सलग लिहिलेल्या असतात. अमुक साली अमुक महिन्यात, अमुक वाजता, अमुक वाड्यावरच्या घरात एक मुलगी जन्मली, अमक्याची आणि अमकीची, आणि मग दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे. आईच्या आजीचे नाव आम्हाला त्या कागदावरून कळले.

मुलाने ते मोठ्याने वाचायला घेतले आणि पहिल्याच ओळीत थांबला. "आजी, तुजें नांव एक्सान सुरू जाता!" त्याने ते इंग्रजीसारखे वाचून दाखवले. ते एखाद्या औषधाचे नाव वाटले. आईने मान हलवली, हे आपले नव्हे. कचेरीने दुसऱ्याच कोणाचे पान दिले असेल, असे तिचे मत पडले. मग मी चष्मा लावून बसलो. पोर्तुगीज लेखनात एक्स म्हणजे 'श'. पेडण्याच्या त्या लेखनिकाने समोरच्या माणसाने उच्चारले ते नाव आपल्या अक्षरांत जसे बसेल तसे बसवले होते. मी एक्सच्या जागी 'श' ठेवला, शेवटचे अक्षर जरा लांबवले आणि नाव म्हटले.

मुगात फिरणारी बोटे थांबली. त्या नावाने तिला हाक मारणारा शेवटचा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तोही गेला त्याला बारा वर्षे झाली. आमच्या घरात ते नाव कधी उच्चारलेच गेले नव्हते. मी स्वतः ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटले असेन.

"हें कोण?" मुलाने विचारले.

"मी," आई म्हणाली.

मुलाच्या ते कानावरून गेले. तो दाखल्याचे फोटो काढत होता. पणजोबांच्या नावात एक अक्षर जास्त पडले होते आणि त्यासाठी आता वेगळे प्रतिज्ञापत्र लागणार होते.